बंद बाटलीचा हिशेब

१८९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या महिला संघटनेने एका घरगुती पेयावर बहिष्कार पुकारला. संघटनेचं नाव 'विमेन्स क्रिश्चन टेम्परन्स युनियन'. दारूपायी संसार उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या बायकांनी उभी केलेली ही चळवळ होती आणि गावोगावी तिचा शब्द मानला जात असे. पेय होतं 'हायर्स रूट बिअर'. ते विकणारे फिलाडेल्फियाचे चार्ल्स हायर्स हे औषधविक्रेते होते, स्वतः दारूच्या विरोधात होते आणि आपल्या पेयाची जाहिरात दारूला पर्याय म्हणूनच करत होते. पंचवीस सेंटला त्यांची पुडी मिळे. पुडीतल्या मुळ्या आणि साली घरी पाण्यात उकळायच्या, त्यात साखर आणि यीस्ट घालायचं, बाटल्या भरून बुचं घट्ट बसवायची. एका पुडीत पाच गॅलन, म्हणजे सुमारे एकोणीस लिटर फसफसतं पेय तयार होई. बायकांचा आक्षेप सरळ होता. यीस्टने साखर आंबवली की अल्कोहोल होणारच, मग हे दारूमुक्त पेय कसलं? बहिष्कार तीन वर्षं चालला. १८९८ मध्ये एका स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासणी केली, तेव्हा बाटलीभर रूट बिअरमध्ये पावाच्या अर्ध्या लादीत असतं तेवढंच अल्कोहोल सापडलं. पावही यीस्टनेच फुगतो. संघटनेने बहिष्कार मागे घेतला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. पेयात अल्कोहोल होतं आणि ते अगदी थोडं होतं. ते थोडं का राहिलं, हा यातला खरा प्रश्न. कोणी ते काढून टाकलं नव्हतं. साखर तर भरपूर घातलेली होती आणि यीस्ट जिवंत होतं. उत्तर बाटलीच्या बुचात आहे. बाटली घट्ट बंद असेल तर आत साठणारा वायू आणि आत तयार होणारं अल्कोहोल यांचा हिशेब एकच असतो, आणि तो साखरेच्या चमच्यांत मांडता येतो. हा हिशेब एकदा समजला की घरगुती फसफसत्या पेयाची कोणतीही कृती वाचून ती कितपत सुरक्षित आहे, हे आपलं आपल्याला ताडता येतं. अनेक कृतींमध्ये काळजीपोटी दिलेली एक सूचना उलटी पडते, हेही तेव्हाच लक्षात येतं.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. पाव फुगवायला आणि बिअर आंबवायला मुख्यतः तिची एकच जात वापरली जाते, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. पेशीचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान. किराणा दुकानात मिळणाऱ्या कोरड्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये अशा हजार कोटींच्या घरात पेशी असतात. साखरेच्या पाण्यात पडल्यावर त्या आधी साखरेचा रेणू पेशीबाहेरच दोन तुकड्यांत तोडतात आणि ते तुकडे आत घेतात. पाण्यातला प्राणवायू संपला की, आणि साखर मुबलक असली तर त्याआधीही, या तुकड्यांचं पूर्ण ज्वलन होत नाही. प्रत्येक तुकड्यातून दोन रेणू अल्कोहोल आणि दोन रेणू कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. वजनाने पाहिलं तर साधारण निम्मी साखर वायू होते आणि निम्मी अल्कोहोल. यातलं एक झालं आणि दुसरं झालं नाही, असं यीस्टच्या बाबतीत घडत नाही.

हे काम एक सजीव करतो, ही गोष्ट मान्य व्हायलाही वेळ लागला. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत थिओडोर श्वान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टला अंकुर फुटताना पाहिले आणि ते जिवंत असल्याचं सांगितलं. लिबिग आणि व्होलर हे त्या काळचे दिग्गज रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १८३९ मध्ये आपल्याच नियतकालिकात निनावी लेख छापून या कल्पनेची टर उडवली. साखर गिळणारे आणि दारू व वायू बाहेर टाकणारे इवलेसे प्राणी त्यांनी त्यात रंगवले होते. पुढे लुई पाश्चर यांच्या प्रयोगांनी वादाचा निकाल लागला. टर उडवणाऱ्यांनी जे चित्र काढलं होतं, ते प्राण्यांऐवजी बुरशी धरली तर बरंचसं बरोबर होतं.

आता हिशेब. पेयात वायू किती आहे हे सांगायची या धंद्यातली रीत अशी: एक लिटर पेयात एक लिटर वायू विरघळलेला असेल तर ते एक माप. बिअरमध्ये साधारण अडीच मापं असतात, बाजारातल्या शीतपेयांत साडेतीन ते चार. एक माप वायू म्हणजे लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. वजनाने निम्मी साखर वायू होत असल्याने त्यासाठी चार ग्रॅम साखर आंबावी लागते, आणि चार ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लिटरला एक चमचा साखर, एक माप वायू. एवढं पाठ असलं तरी पुरतं. चार चमचे साखर आंबली की शीतपेयाइतका फसफसाट येतो. त्याच चार चमच्यांतून तयार होणारं अल्कोहोल पेयाच्या एक टक्क्याच्या आसपास भरतं. दोन चमचे आंबले तर वायू दोन मापं, अल्कोहोल अर्धा टक्का.

बाटलीत प्रत्यक्षात लिटरला ऐंशी-शंभर ग्रॅम साखर असते, कारण पेय गोड लागायला हवं. म्हणजे यीस्टपुढे पंचवीस चमच्यांचं ताट वाढलेलं आहे आणि त्याने चारच खाऊन थांबावं अशी आपली अपेक्षा आहे. ते आपणहून थांबत नाही. शंभर ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर पंचवीस मापांहून जास्त वायू होईल आणि आपल्याकडच्या हवेत त्याचा दाब तीस वातावरणांच्या पुढे जाईल (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी बाटली फुटते. काचेची असेल तर तिचे तुकडे खोलीभर उडतात आणि डोळा जाऊ शकतो. हे भय कल्पनेतलं नाही. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तळघरात काम करणारे लोक तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जात. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत, आणि वाईट सालात मालाचा मोठा हिस्सा जमिनीवर वाहून जाई. द्राक्षरसात किती साखर शिल्लक आहे आणि वर किती घालायची, हे कोणी मोजतच नव्हतं. १८३० च्या दशकात शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने ही मोजणी शिकवली, आणि बाटल्या फुटण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आजही शॅम्पेनच्या बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्यासाठी लिटरमागे सुमारे चोवीस ग्रॅम साखर घालतात. आपल्या चमच्यांत ती सहा भरते, आणि तळघराच्या थंडाव्यात बाटलीतला दाबही सहा वातावरणांच्या आसपास येतो. ती बाटली जाड, जड आणि तेवढ्याचसाठी घडवलेली असते. सॉसची, मधाची किंवा सरबताची रिकामी काचेची बाटली या कामाला कधीही घेऊ नये. शीतपेयाची प्लास्टिकची बाटली घ्यावी. ती वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते आणि फुटली तरी काचेसारखे तुकडे उडत नाहीत.

प्लास्टिकच्या बाटलीचा याहून मोठा गुण म्हणजे ती बोटांना दाब सांगते. भरल्यावर दाबली की पोट आत जातं. वायू साठत गेला की ती ताठ होत जाते. बाजारातून आणलेल्या, न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक झाली की चारेक मापं झाली असं समजावं आणि ताबडतोब ती फ्रीजमध्ये ठेवावी. थंडी इथे दोन कामं करते. एक, यीस्ट सुस्तावतं. ते मरत नाही, पण चार अंश तापमानात त्याचं खाणं जवळपास थांबतं. दुसरं, वायू पाण्यात मुरतो. एक वातावरण दाबाखाली लिटरभर पाण्यात शून्य अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पंचवीस अंशाला फक्त पाऊण लिटर. विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो: वरचा दाब जेवढा, तेवढ्या प्रमाणात वायू विरघळतो. म्हणून चार मापांची बाटली पंचवीस अंशाला पाचेक वातावरणांचा दाब धरून असते आणि फ्रीजमध्ये तीच पावणेतीनवर उतरते. बाटली न गारठवता उघडली तर अर्धं पेय फेस होऊन ओट्यावर जातं, त्याचं कारण हेच.

आता ती उलटी पडणारी सूचना. 'बाटली फुटू नये म्हणून रोज झाकण किंचित सैल करून वायू सोडा' असं पुष्कळ ठिकाणी सांगितलेलं असतं. दाब कमी होतो, हे खरं. पण वायू निघून गेला तरी त्याच्या बरोबरीने तयार झालेलं अल्कोहोल बाटलीतच राहतं. परत झाकण लावलं की यीस्ट पुन्हा वायू भरायला लागतं आणि अल्कोहोलमध्ये आणखी भर पडते. तीन-चार वेळा असं केलं की एक टक्क्याचं पेय तीन-चार टक्क्यांवर जातं, आणि हाताला बाटली तेवढीच टणक लागते. सुरुवातीला भांड्यावर नुसता रुमाल बांधून दोन-तीन दिवस आंबवायच्या कृतीतही हेच होतं. तेव्हाचा वायू हवेत जातो, अल्कोहोल भांड्यात राहतं. हायर्सच्या पुडीत मिश्रण थेट बाटलीत भरून बूच लावायचं होतं, आणि बहुधा म्हणूनच तपासणीत आकडा इतका लहान निघाला. बाटली उघडायची ती प्यायच्या वेळीच. धोका वाटला तर वायू सोडण्याऐवजी ती लवकर थंड करावी.

वायू आणि अल्कोहोल यांची ताटातूट करता येते, पण त्यासाठी बाटलीतून यीस्टलाच वगळावं लागतं. सोडावॉटरचा जन्म त्यातूनच झाला. १७६७ मध्ये जोसेफ प्रिस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहायला आला. शेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर वायूचा एक थर तरंगत राहतो आणि त्यात धरलेली मेणबत्ती विझते, हे त्याने पाहिलं. त्या थरात दोन भांडी धरून तो एकातून दुसऱ्यात पाणी ओतत राहिला आणि थोड्या वेळात पाण्याला चुणचुणीत चव आली. पुढे खडूवर गंधकाम्ल टाकून तोच वायू घरी तयार करण्याची रीत त्याने बसवली आणि १७७२ मध्ये ती पुस्तिकेत छापली. १७८३ मध्ये जिनिव्हात योहान याकोब श्वेप याने यंत्राने वायू भरलेलं पाणी विकायला सुरुवात केली. आपल्याकडचा गोटी सोडा याच घराण्यातला. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात पेटंट घेतलेली ती बाटली, आणि आतल्या वायूच्याच दाबाने वर सरकून रबरी कडीला घट्ट बसणारी काचेची गोटी. पुण्याच्या आर्देशीरचा, मुंबईच्या पालनजीचा रासबेरी सोडा हाही यंत्राने वायू भरलेला, अल्कोहोलचा लवलेश नसलेला. यंत्रात भरायचा वायू पुष्कळदा अल्कोहोलच्या आसवन्यांमधूनच येतो. मळी आंबवताना उठणारा कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून तो शीतपेयांच्या कारखान्यांना विकला जातो. म्हणजे शीतपेयाच्या बाटलीतला फसफसाटही कधीकधी यीस्टचाच असतो, फक्त त्याचं भावंड दुसऱ्या टाकीत राहिलेलं असतं.

मग घरी एवढा खटाटोप का करायचा? चवीसाठी. यीस्ट वायू आणि अल्कोहोल यांच्याखेरीज कितीतरी सुगंधी द्रव्यं अगदी थोड्या प्रमाणात तयार करतं आणि सरबताचा नुसता गोडवा मोडतो. शिवाय आपण घातलेलं आलं आणि लिंबू खरं असतं. फसफसाटाची जाणीव कशाने होते हेही इथे सांगण्यासारखं आहे. बुडबुडे फुटून जीभ चुणचुणते, असं आपल्याला वाटतं. पण बुडबुडे उठूच नयेत इतका दाब ठेवलेल्या खोलीत बसून सोडा प्यायला तरी तो तितकाच चुणचुणतो. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर असतं. ते विरघळलेल्या वायूचं आम्लात रूपांतर करतं आणि पेशी ते टिपतात. हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. त्या आम्लाची चुरचुर वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंनाही जाणवते. आल्याचा झणका याच तंतूंच्या कुळातल्या दुसऱ्या ग्राहकांवर पोचतो. आलं आणि वायू एकमेकांना इतके शोभतात, ते बहुधा यामुळेच.

म्हणून सुरुवात आल्यापासून करावी. जिंजर बिअर हे अठराव्या शतकातल्या इंग्लंडचं घरगुती पेय. पुढे ते मातीच्या झिलईदार बाटल्यांत भरून रस्त्यावर विकलं जाई. आपल्याकडे साताऱ्याचं ताजं, रसदार आलं मिळत असताना त्याच्यासाठी वेगळं काही आणायला नको. एका लिटरच्या बाटलीला साधारण पन्नास ग्रॅम आलं घ्यावं, स्वच्छ धुऊन सालासकट किसावं. अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून गॅस बंद करावा, त्यात ऐंशी ग्रॅम साखर विरघळवावी आणि झाकण ठेवून निवू द्यावं. उरलेलं पाणीही उकळून गार केलेलं असावं. नळाच्या पाण्यातला क्लोरिन त्याने उडतो. गार झाल्यावर फडक्यातून घट्ट पिळून गाळावं आणि एका मोठ्या लिंबाचा रस घालावा. लिंबू नुसतं चवीला नसतं. आम्लता वाढली की नको ते जंतू वाढत नाहीत, यीस्टला मात्र ती चालते.

आता यीस्ट. चमच्याचा आठवा भाग, म्हणजे एक छोटी चिमूट. जास्त घातलं तर पेयाला पावाचा वास येतो आणि तळाशी गाळ साठतो, दुसरा काही लाभ नाही. चिमूटभर यीस्ट दोन चमचे कोमट पाण्यात साखरेच्या चार दाण्यांसह दहा मिनिटं ठेवावं. वर फेसाळ साय आली तर ते जिवंत आहे. काहीच हललं नाही तर पुडी जुनी आहे, फेकून द्यावी. पाणी कोमटच हवं. हात पोळेल इतक्या गरम पाण्यात यीस्ट मरतं, आणि बहुतेक फसलेल्या बाटल्यांचं कारण तेवढंच असतं. हे मिश्रण पूर्ण निवलेल्या आल्याच्या पाण्यात ढवळून बाटलीत भरावं, वर चार बोटं जागा सोडावी, झाकण पक्कं पिळावं आणि बाटली उन्हापासून लांब, एखाद्या पातेल्यात किंवा बादलीत उभी करावी. ती जागा रोज नजरेस पडणारी असावी. माळ्यावर ठेवलेली बाटली विसरली जाते.

किती वेळ लागेल, याचं एकच उत्तर नाही. यीस्टला पंचवीस ते तीस अंश मानवतात. महाबळेश्वरच्या थंडीत दोन-तीन दिवस लागतील. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी भरलेली बाटली सकाळीच दगडासारखी झालेली असू शकते. इंग्लिश किंवा अमेरिकन पुस्तकातले 'तीन ते पाच दिवस' हे त्यांच्या खोलीच्या तापमानाचे दिवस आहेत. आपल्या हवेत ते पाळणं धोक्याचं. दिवसाचा अंदाज न बांधता दर चार-पाच तासांनी बाटली दाबून पाहावी. टणक झाल्यावर ती फ्रीजमध्ये निदान रात्रभर ठेवावी. तेवढ्यात वायू मुरतो, यीस्ट तळाशी बसतं आणि वरचं पेय बरंचसं निवळतं. उघडताना झाकण हळूहळू सैल करावं, फेस वर आला की थांबावं. पेय अलगद ओतावं, म्हणजे गाळ ढवळला जात नाही. फ्रीजमध्येही यीस्ट हळूहळू काम करतंच, त्यामुळे आठवड्याच्या आत बाटली संपवावी आणि मधल्या काळात फ्रीजबाहेर विसरू नये.

बाटली दाबून पाहण्याला फिनलंडमध्ये एक सुंदर जोड आहे. तिथे १ मे रोजी वाप्पु नावाचा वसंताचा सण असतो आणि त्यासाठी घरोघरी 'सिमा' करतात. लिंबू, साखर, पाणी आणि यीस्टचा एखादा कण. प्रत्येक बाटलीत थोडे बेदाणे टाकलेले असतात. आधी ते तळाशी बसतात. वायू तयार होऊ लागला की त्यांच्या सुरकुत्यांमध्ये बुडबुडे अडकतात आणि बेदाणे वर उचलले जातात. सगळे वर आले की सिमा तयार, बाटल्या थंडाव्यात न्यायच्या. आल्याच्या बाटलीतही दोन बेदाणे टाकायला हरकत नाही, पण आपल्या उन्हाळ्यात भरवसा बोटांवरच ठेवावा. बेदाणे वर येण्याचा क्षण आणि दाब अति होण्याचा क्षण यांत आपल्याकडे फार अंतर राहत नाही.

आलं जमलं की इतर फळांकडे वळता येतं. अननस, डाळिंब, जांभूळ, आवळा यांचे ताजे गाळलेले रस पाण्यात मिसळून चालतात. फळात स्वतःची साखर असते, ती हिशेबात धरावी. खोक्यातला रस वापरायचा तर आधी वेष्टन वाचावं. सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असेल तर यीस्ट वाढणार नाही, कारण ती द्रव्यं त्यासाठीच घातलेली असतात. दालचिनी आणि लवंग यांची तेलं यीस्टला दडपतात, म्हणून ती घालायची तर हात आखडता ठेवावा. साखरेऐवजी गूळ घेतला तर रंग आणि चव दोन्ही गहिरी होतात आणि यीस्टला खनिजंही मिळतात. कोणाला गोडवा हवा पण वायू मापातच राहायला हवा असेल, तर चमच्यांचा हिशेब सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. फळातली साखर धरून लिटरला तीन-चार चमचेच साखर ठेवावी आणि बाकीचा गोडवा स्टीव्हियाने आणावा. स्टीव्हिया यीस्टला खाता येत नाही. अशी बाटली विसरली तरी चार मापांपुढे जाऊच शकत नाही. नवशिक्याने पहिली बाटली याच रीतीने करावी, असं माझं मत आहे.

यात अल्कोहोल असतं, ही गोष्ट पिणाऱ्याला आधी सांगायला हवी. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत अर्ध्या टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं जातं, आणि पूर्ण फसफसलेली जिंजर बिअर ती रेघ ओलांडते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. अर्ध्या टक्क्याच्या खाली राहायचं तर साखर लिटरला दीड चमचाच घालावी. फसफसाट सौम्य येईल, पण येईल. मुलं, गरोदर स्त्रिया, व्रत म्हणून किंवा व्यसनातून सुटल्यामुळे दारू वर्ज्य केलेली माणसं, काही औषधं घेणारे रुग्ण यांना हे पेय देऊ नये. त्यांच्यासाठी तेच आल्याचं पाणी ताजं करून त्यात सोडा ओतावा. तेही उत्तम लागतं.

यीस्टची पुडी ही तशी अलीकडची सोय. चार्ल्स फ्लाइशमन यांनी दाबून घट्ट केलेलं यीस्ट अमेरिकेत लोकप्रिय केलं ते १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात, आणि हायर्सची रूट बिअरही त्याच प्रदर्शनातून लोकांपुढे आली. फ्रीजशिवाय टिकणारं कोरडं यीस्ट दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी तयार झालं. त्याआधी इंग्लंडमधल्या गृहिणी बिअरच्या कारखान्यातून पिंपावरचा फेस विकत आणत. गोव्यात पाव भाजणारा पोदेर माडी काढणाऱ्या रेंदेराकडून माडाची सूर घेई आणि तिच्यातल्या यीस्टवर पावाचं पीठ फुगवी. पाव आणि पेय यांचं यीस्ट मुळात एकाच ठिकाणाहून येत असे.

इंग्लंडमध्ये आणखी एक वाट होती. अनेक घरांत काचेच्या बरणीत पांढुरक्या, अर्धपारदर्शक, साबुदाण्यासारख्या गाठींचा एक पुंजका असे. त्याला 'जिंजर बिअर प्लांट' म्हणत. साखर-आल्याच्या पाण्यात तो टाकला की पेय फसफसे, पुंजका वाढे, आणि वाढलेला भाग विरजणासारखा शेजारणीला दिला जाई. हे नेमकं काय आहे, हे हॅरी मार्शल वॉर्ड यांनी शोधलं. श्रीलंकेतल्या कॉफीच्या मळ्यांवर पडलेल्या तांबेऱ्याचा अभ्यास करून त्यांनी नाव कमावलं होतं. पुढे ते इंग्लंडमध्ये कूपर्स हिल इथल्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. भारतातल्या वनखात्यात जाणारे तरुण तिथेच तयार होत. वॉर्ड यांनी पुंजक्यातले जीव एकेक करून वेगळे वाढवले. बरेचसे नुसते पाहुणे निघाले. आवश्यक होते दोनच: एक यीस्ट, आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणणारा एक जिवाणू. मग त्यांनी हे दोन शुद्ध जीव पुन्हा एकत्र केले आणि तसाच पुंजका नव्याने तयार करून दाखवला. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीने हा शोधनिबंध छापला. वेगवेगळे जीव एकमेकांच्या आधाराने कसे जगतात, हे इतक्या कसून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते, आणि ते झालं होतं स्वयंपाकघरातल्या एका बरणीवर.

असा पुंजका आपल्याकडे सहज मिळत नाही, पण त्याच्या जवळपासचं काही करता येतं. जिंजर बिअरची बाटली संपत आली की तळाचा दोन चमचे गाळ स्वच्छ, उकळलेल्या वाटीत काढावा आणि पुढच्या बाटलीला यीस्टऐवजी तो घालावा. पहिल्या एक-दोन खेपांना तो पुडीतल्या यीस्टपेक्षा जोमाने काम करतो, कारण पेशी आधीच साखर-लिंबाच्या पाण्याला सरावलेल्या असतात. नंतर हवेतले आणि आल्याच्या सालीवरचे दुग्धाम्ल जिवाणू त्यात शिरतात आणि पेय दर खेपेला थोडं अधिक आंबट होत जातं. ती आंबट चव काहींना अधिक आवडते. वर बुरशीचा थर दिसला, चिकट तार सुटू लागली किंवा सडका वास आला तर मात्र चाखूनही न पाहता सगळं ओतून द्यावं, बाटली मोडीत टाकावी आणि नवी पुडी फोडावी.